मे महिन्यापर्यंत छप्पर नाही

१४ जानेवारी

प्रिय बाब्या,

सलाम.

"आदरणीय भगिनी" म्हणे! अरे, तुझं नाक पुसत वाढवलं मी तुला, आणि आता मी आदरणीय भगिनी? तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग डोक्यात अशी तिडीक गेली की चहा तसाच गार झाला.

इतकी वर्षं तोंडातून शब्द नाही. मी इथे वर्षभराच्या सेवेसाठी म्हणून नर्स होऊन आले, इथल्याच एका वायरमनशी लग्न केलं आणि राहिले. तुझ्या लेखी मी तेव्हाच मेले. माणूस प्रार्थनेला जातो, बाटलीला हात लावत नाही, माझ्या आधी उठून चूल पेटवतो. पण आपल्या चर्चच्या मंडळीतला नाही ना! बस, संपलं. आणि आज तरुण संघाच्या अध्यक्षांना या देशात दहा दिवसांचा सेवाप्रवास काढायचाय, तर आठवण कोणाची झाली? आदरणीय भगिनीची.

फोनवर टाइप करून मला धड भांडता येत नाही. म्हणून कागदावर लिहितेय आणि त्याचा फोटो काढून पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर चष्मा घाल.

आता तुझे प्रश्न. तुझ्या पोरांना "देशाची ओळख" करून द्यायला तू वर्ग घेणार आहेस, म्हणून विचारलेले.

लोकांचा स्वभाव कसा आहे? शेजारच्या बाईचा गोड आहे, तिच्या नवऱ्याचा खडूस आहे. तुमच्या गल्लीत सगळे एका साच्यातले आहेत का?

पाणी पिण्याजोगं आहे का? उकळलं की आहे. आम्ही पितो, जिवंत आहोत.

तरुण मुलींनी काय घालावं? स्वेटर. मे महिन्यातसुद्धा सकाळी बोटं आखडतात.

"तिथल्या लोकांना प्रभूची ओळख आहे का?" हा प्रश्न मी आमच्या ह्यांना त्यांच्या भाषेत सांगितला. अरे शहाण्या, आपल्या पणजोबांचा बाप्तिस्मा व्हायच्या आधीपासून इथलं चर्च उभं आहे. दर रविवारी उशिरा आलं तर बसायला बाक मिळत नाही. तुम्ही कोणाची ओळख कोणाला करून देणार आहात?

आणि सोबत पाठवलेल्या, वर्गात दाखवायच्या चित्रांत ते बरगड्या दिसणारं पोर घातलंयस, ते या देशातलं नाही. मागची झाडं बघ की! असली झाडं इथे उगवतच नाहीत.

एक गोष्ट मात्र शिकवच त्यांना. इथे भेटल्यावर "कसं काय" विचारलं की समोरचं माणूस खरंच सांगतं. उभं राहून ऐकायचं. विचारून पुढे चालू पडायचं नाही.

मला काही विचारलं नाहीस. मुलंबाळं आहेत का, तब्येत कशी, काही नाही. नाही विचारलंस तर मीही नाही सांगत.

तुझी
ताई

२ फेब्रुवारी

बाब्या,

सलामबिलाम नंतर. आधी ऐक.

मी जिथे काम करते तो दवाखाना चर्चच्या आवारात आहे. पुढे डॉक्टरांची खोली, मग पट्ट्या बांधायची, आणि शेवटी सामानाची कोठी. बाळंतपणं त्या कोठीत होतात. एका भिंतीला कापसाचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला स्पिरिटचे कॅन, मधे खाट. स्पिरिट आहे म्हणून तिथे शेगडी पेटवता येत नाही. दार अंगणात उघडतं आणि नीट लागत नाही. मी पोतं लावते खाली. बाहेर बर्फाचा वारा असतो तेव्हा ते पोतंसुद्धा कुडकुडतं.

म्हणून गेल्या वर्षी बाळंतपणाची वेगळी खोली बांधायला काढली. भिंती झाल्या. आत शेगडी बसवली, तिचा धुराचा पाइप बसवला. वासे कापून तयार आहेत. पत्रे अंगणात ताडपत्रीखाली पडलेत. फक्त छप्पर राहिलं होतं, आणि सुतार सोमवारी येणार होता.

रविवारी उपासना सुटल्यावर इथल्या पाळकांनी त्याला पायरीवरच गाठलं. म्हणाले, "थांब जरा. मे महिन्यात पाहुणे येताहेत, छप्पर त्यांच्यासाठी ठेवू."

मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. जाऊन विचारलं. त्यांनी तुझं पत्र पुढे केलं. तुला हवंय "तरुणांना स्वतःच्या हातांनी करता येईल, आमच्या मुक्कामात पूर्ण होईल आणि फोटोत दिसेल असं काम." वा रे वा! फोटोत दिसेल असं.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, थंडीत बाया कुठे जातील?"

तर म्हणतात, "बाई, मला कळत नाही का? पण पाहुण्यांना काम दिलं नाही की ते दुसऱ्या गावी जातात, पुन्हा इकडे फिरकत नाहीत. तुमचा भाऊच आहे ना? त्याला म्हणावं, छपराचं काम आम्हाला नको एवढंच लिही. मी त्याच दिवशी सुताराला बोलावतो."

त्यांच्यावरही माझा राग आहे, पण तो मी इथल्या इथे काढीन. तुझ्यावरचा इतक्या लांबून काढायला लागतोय.

तर हे एवढंच मागते. एक ओळ लिही. तुम्हाला मे महिन्यात सुट्टी असते म्हणून इथल्या पोरांनी जन्माला यायचं थांबावं का? बेकरीवाल्याच्या सुनेचे दिवस एप्रिलात भरताहेत. मार्चअखेरीला एक पहिलटकरीण आहे, तिचा रक्तदाब चढतो, पाय सुजलेत, तिची मला रात्रंदिवस काळजी वाटते. दोघींना कोठीत घ्यायची माझी इच्छा नाही. सुतार सध्या रिकामा आहे. फार दिवस राहणार नाही.

एक ओळ, बाब्या.

ताई

१९ फेब्रुवारी

बाब्या,

तुझं उत्तर मिळालं. दोन पानं लिहिलीस! मी एक ओळ मागितली होती.

"ताई, तुमची कळकळ समजू शकतो." ताई झाले, पण अहोजाहो काही सुटलं नाही. "परंतु संघातील तरुणांनी या छपरासाठी उपास धरून प्रार्थना केली आहे. ते प्रत्येक शनिवारी संडेस्कूलच्या अंगणात खिळे ठोकण्याचा सराव करीत आहेत. आता काम नाही म्हटलं तर त्यांच्या विश्वासाला तडा जाईल."

अरे देवा! खिळे ठोकायचा सराव! आणि सुतार कुठे आहे माहितीये? गेला. पलीकडच्या गावात गोठ्याचं काम मिळालं, तो गेला. गाईंवर छप्पर चढतंय. मी त्याला बोल लावत नाही, त्याला पोट आहे.

पुढे लिहितोस, "कामाविना आलो तर ती निव्वळ सहल ठरेल." मग ठरू दे की! सहल काढणं पाप आहे का? या, डोंगर बघा, आमच्या बाकांवर आमच्या शेजारी बसा, आमची गाणी चुकीच्या सुरात म्हणा. कोणी हाकलणार नाही तुम्हाला. पण सहलीला सेवा म्हणायचं आणि त्यापायी दुसऱ्याचं छप्पर अडवून धरायचं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला अध्याय-ओवीसकट दाखव.

तुला वाटेल, ताईला उगाच आकाशपाताळ एक करायची सवय आहे. तर आमच्या शाळेच्या भिंतीची गोष्ट ऐक. तीन वर्षांपूर्वी एक संघ आला, त्यांनी भिंत निळी रंगवली. पुढच्या वर्षी दुसरा आला, त्यांनी पिवळी केली. गेल्या वर्षी तिसरा यायचा होता आणि भिंत तर चांगली लखलखीत. मग शाळेच्या बाईंनी काय केलं? पोरांना मोकळीक दिली, चेंडू चिखलात बुडवा आणि भिंतीवर मारा. पोरं काय, त्यांना स्वर्गच मिळाला. आठवड्यात भिंत अशी झाली की पाहुण्यांना ती बघून भरून आलं. त्यांनी प्रार्थना करून ती हिरवी केली. आम्ही मागे उभे राहून टाळ्या वाजवल्या. हसू दाबता दाबता माझ्या पोटात दुखायला लागलं.

भिंतीचं ठीक आहे रे. भिंतीला थंडी वाजत नाही. तेव्हा हसले मी. आता कोठीच्या दाराला पोतं लावताना हसू येत नाही.

बेकरीवाल्याची सून काल येऊन गेली. दिवस भरायला अजून वेळ आहे, पण पोट खाली आलंय. मला लक्षण बरं दिसत नाही.

तू अजून लिहू शकतोस. सुतार बोलावला तर गोठा सोडून येईल, मला तसा शब्द दिलाय त्याने. पाळक मात्र तुझ्या पत्राशिवाय हलायला तयार नाहीत. म्हणतात, "दिलेला शब्द मी कसा मोडू? तो त्यांनीच मोडायला हवा."

आणि मला परत "तुमची कळकळ" लिहू नकोस. तुला कळकळ म्हणजे काय हे माहीत असतं तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

ताई

८ मार्च

बाब्या,

बेकरीवाल्याच्या सुनेला मुलगा झाला होता. कोठीत. वेळेच्या आधी आला, माझ्या दोन तळहातांत मावेल एवढा. रडला. चांगला रडला. मी त्याला कापसात गुंडाळला, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, त्याच्या आईच्या उराशी बांधला. वारा दाराखालून येतच राहिला. बेकरीवाला स्वतः भट्टीतल्या गरम विटा फडक्यात बांधून आणत होता, एक गार झाली की दुसरी. तिसऱ्या दिवशी सकाळी पोर गेलं.

छप्पर असतं, शेगडी पेटली असती, तर तो वाचलाच असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मी नर्स आहे, देव नाही. एवढं लहान मूल गरम खोलीतही जातं कधीकधी. पण गरम खोली भिंतीपलीकडे होती आणि तिच्यावर आभाळ होतं. शेगडीत बर्फ साचला होता. मी जाऊन बघितला.

त्या दिवशी मी तुला फोनवर दोन ओळी कळवल्या. त्यावर तू काय पाठवलंस? "अत्यंत दुःख झाले. संघ प्रार्थना करीत आहे. शक्य असल्यास त्या भगिनीचा एक फोटो पाठवावा, वर्गात दाखवल्यास तरुणांना गरजेचे गांभीर्य समजेल."

फोटो!

लाज नाही वाटली? टाइप करताना बोट थबकलं नाही? ती बाई दूध आलंय म्हणून छाती बांधून पडली आहे आणि मी तिच्यापुढे फोन धरू? कशासाठी, तर तुझ्या पोरांनी शनिवारी खिळे आणखी जोरात ठोकावेत म्हणून? गांभीर्य त्यांना कळायला हवं म्हणतोस. तुला कळलं का?

आई असती तर तिने तुझ्या मुस्काटात दिली असती. ती नाही, म्हणून मीच लिहिते. तू दुष्ट नाहीस. लहानपणी पिलू मेलं तरी जेवायचा नाहीस. पण तू चांगुलपणाच्या नादाला असा लागला आहेस की समोर माणूस आहे हेच तुला दिसेनासं झालंय. तुला काम दिसतं, संघ दिसतो, साक्ष दिसते, स्लाइड दिसते. मला राग कशाचा येतो सांगू? तू हे सगळं डोळे मिटून, हात जोडून करतोस. त्यामुळे तुला कोणी काही बोलूही शकत नाही.

मार्चअखेरीच्या पहिलटकरणीचा रक्तदाब अजून वर गेलाय. मोठ्या इस्पितळाचा रस्ता दरड पडून बंद आहे, तो उघडेपर्यंत तिला कोठीशिवाय गती नाही. मी तुझ्या पाया पडत नाही, पडणारही नाही. पण त्या एका ओळीची मी अजून वाट बघतेय.

ताई

२४ मार्च

बाब्या,

काल दुपारी तू पाळकांना फोन केलास. मग मला केलास. मी उचलला नाही. मग आमच्या ह्यांना केलास. त्यांना तुझी भाषा येत नाही, तुला त्यांची येत नाही, तरी तू रडत होतास एवढं त्यांना कळलं. त्यांनी आपले "हो, हो" म्हणून फोन ठेवला.

तर पाळकांनी सांगितलं तुला. त्यांनी कळवलं की या खेपेला नर्सबाईंचीच मुलगी बाळंत व्हायची आहे, तिच्यासाठीही प्रार्थना करा. त्यांना वाटलं तुला माहीतच असेल. मामालाच माहीत नसेल असं त्यांच्या बिचाऱ्यांच्या डोक्यात कसं येणार?

हो. ती पहिलटकरीण माझी लेक आहे. तुझी सख्खी भाची. आईसारखी उंच आहे, आणि राग आला की तुझ्यासारखा खालचा ओठ पुढे काढते. एका पत्रात लिहिलं असतं तर काम झालं असतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मुद्दाम नाही लिहिलं. लेकही विचारते, "का गं आई?" तिलाही तेच सांगितलं जे तुला सांगते. तू माझ्या मुलीसाठी छप्पर सोडावंस हे मला नको होतं. कोणीतरी एक बाई आहे, थंडी आहे, तिला मूल होणार आहे. एवढं तुला पुरायला हवं होतं. ते पुरतं की नाही हे मला बघायचं होतं.

पाहिलं. फेब्रुवारीपासून तुझ्याकडून ती एक ओळ येत नव्हती. काल तासाभरात आली. आणि काय ओळ! "कृपया तातडीने सुतारास बोलवा, संघाच्या कामाचे आम्ही नंतर पाहू." संघाचं नंतर पाहता येतं तर! उपास, सराव, विश्वासाला तडा, सगळं एका फोनमध्ये बाजूला सरकलं. मग बेकरीवाल्याच्या सुनेच्या वेळीच ते असं दगडासारखं का बसलं होतं रे? ती कोणाची भाची नाही का? तिला मामा नाही का? आहे. टायर दुरुस्त करतो, कोपऱ्यावर दुकान आहे त्याचं. पण तो थोडाच तरुण संघाचा अध्यक्ष आहे!

सुतार आज सकाळी आला. वरती हातोडा चालू आहे, त्या आवाजात हे लिहितेय. मला बरं वाटतंय आणि तेच मला सहन होत नाहीये. माझ्या मुलीला गरम खोली मिळणार म्हणून जीव भांड्यात पडलाय, आणि त्याच वेळी अंगणातून बेकरीवाला पाव घेऊन गेला, त्याने मान वर करून छपराकडे बघितलं आणि तसाच पुढे गेला. मी आत सरकले. तोंड लपवायची वेळ तुझी होती, लपवलं मी.

फोन करू नकोस. सध्या मला तुझा आवाज नको.

ताई

११ एप्रिल

बाब्या,

सलाम.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मोठं डोकं, बारीक पाय, आणि घसा असा की पाळकांनी प्रार्थना मधेच थांबवून कोण रडतंय विचारलं. तू आजोबा झालास. अध्यक्षपद विसर आता, आजोबा म्हणून हाक ऐकायची सवय कर.

छप्पर चार दिवसांत चढलं होतं. शेगडी पेटते, पाइपातून धूर नीट बाहेर जातो. खोली अजून ओल्या लाकडाच्या वासाची आहे. लेकीला कळा सुरू झाल्या त्याच दिवशी शिंप्याच्या बायकोलाही झाल्या. खोली एक, खाट एक. ती आधी आली म्हणून खाट तिला दिली आणि माझ्या लेकीची गादी खाली शेगडीजवळ घातली. लेक कळा देता देता ओरडत होती, "आई, तू माझी आई आहेस की तिची?" मी म्हटलं, "आत्ता दोघींची आहे, तू जोर लाव." आधी हिची झाली, मग तिचा झाला. नंतर दोघी एकमेकींकडे बघून येड्यासारख्या हसत होत्या.

आता तुझं कालचं पत्र. त्यात पहिल्यांदा "ताई, तू" लिहिलंयस. वाचून मला रडू आलं, ते कबूल करते. राग गेलेला नाही, तेही कबूल करते. दोन्ही राहतील काही दिवस. विचारतोस, की छप्पर तर झालं, आता मे महिन्यात संघाने काय करावं? लिहितोस, की प्रवास रद्दच करावा असं वाटतं, तोंड दाखवायची लाज वाटते.

रद्दबिद्द काही करू नकोस. ती फार सोपी पळवाट आहे. पोरांना आण. सुतार त्यांना कोठीच्या दाराला चौकट कशी बसवायची ते दाखवेल. जमलं तर जमलं, नाही जमलं तर तो मागून नीट करेल. चादरी धुवायला हात हवेतच. भाचीला भेट, नातीला घे, आमच्या ह्यांच्याशी हातवारे करून बोल.

पण तुझं काम वेगळं आहे. ऐक.

परवा बेकरीवाल्याची सून नातीला बघायला आली. तिने बाळासाठी एक विणलेलं टोपडं आणलं होतं. कोणासाठी विणलेलं होतं ते मी विचारलं नाही, मला कळलं. तिने बाळाला मांडीवर घेतलं, शेगडीकडे पाय करून बसली. मग वर छपराकडे बघत शांतपणे मला विचारलं, "नर्सबाई, हे तर चार दिवसांत झालं. मग माझ्या वेळी का नाही झालं?"

इतक्या वर्षांत बाळंतिणीला काय सांगायचं हे मला कधी शोधावं लागलं नव्हतं. खोटं सांगवेना, आणि खरं सांगायचा हक्क माझा नाही. मी एवढंच म्हटलं, "ज्याला माहीत आहे तो मे महिन्यात येणार आहे. त्यालाच विचार." ती म्हणाली, "बरं. मी थांबते."

तर ती थांबली आहे. हातांनी करायचं काम तुला हवं होतं, हे तोंडाने करायचं आहे. संघ बरोबर न्यायचा नाही, फोटो काढायचा नाही, तिथे प्रार्थनेने सुरुवात करायची नाही. तिच्या घरी जाऊन तिच्यासमोर बसायचं आणि ती विचारेल त्याचं उत्तर द्यायचं. भाषेची काळजी करू नकोस, दुभाषी म्हणून मी असेन. तू म्हणशील ते सगळं तिला सांगेन, आणि ती म्हणेल ते सगळं तुला सांगेन. एक शब्दही गाळणार नाही.

ताई